सिंहस्थ गुरू आणि चार मिनिटे : कुंभकोणम, नाशिक आणि थांबलेले हृदय पुन्हा चालवण्याच्या सज्जतेचा इतिहास

गुरू ग्रहाला सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास 11.86 वर्षे लागतात. या एका खगोलीय संख्येशी भारतातील दोन तीर्थक्षेत्रांचे वेळापत्रक बांधलेले आहे. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीकाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. त्याच सिंहस्थ गुरूच्या काळात, तमिळ पंचांगातील मासी महिन्यात मघा नक्षत्राच्या दिवशी, कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणम येथे महामहम हा उत्सव होतो. गावाच्या मधोमध, सोळा मंडपांनी वेढलेल्या एका मोठ्या तलावात त्या दिवशी लक्षावधी माणसे स्नानासाठी उतरतात. रामानुजन यांचे बालपण आणि शालेय शिक्षण याच गावातले, एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्मही येथलाच. विज्ञानाच्या वाचकाला कुंभकोणम परिचित असते ते बहुधा या दोन नावांमुळे.

या गावाची आणखी एक ओळख मात्र वेदनेची आहे. 18 फेब्रुवारी 1992 रोजी महामहमच्या दिवशी तलावाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे पन्नास माणसे मरण पावली. 16 जुलै 2004 रोजी याच गावातील एका शाळेला लागलेल्या आगीत 94 मुले दगावली. गोदावरीकाठची स्मृतीही निराळी नाही. 27 ऑगस्ट 2003 रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगरून 39 भाविकांचा मृत्यू झाला. जानेवारी 2005 मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत दोनशेहून अधिक माणसे गेली. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 23 जण गेले. तेथे यात्रा नव्हती, पर्वणी नव्हती, फक्त पाऊस होता आणि कामावर जाण्याची घाई होती.

चेंगराचेंगरीत माणूस पायदळी तुडवला जाऊन मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा तो उभ्याउभ्याच मरतो. श्वास घेण्यासाठी छातीचा पिंजरा फुगावा लागतो आणि मध्यपटल खाली सरकावे लागते. चहूबाजूंच्या शरीरांचा दाब एवढा वाढतो की ही काही सेंटिमीटरची हालचालही अशक्य होते. हवा भोवती असते, पण फुफ्फुसांत शिरत नाही. रक्तातील प्राणवायू घटत जातो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि अखेरीस थांबतात. त्यानंतर मेंदूजवळ साधारणपणे चार ते सहा मिनिटे असतात. त्या अवधीत कोणी छातीवर दाब देऊन रक्त फिरते ठेवले आणि फुफ्फुसांत हवा भरली, तर माणूस परत येण्याची शक्यता उरते. प्रश्न एवढाच, की तो ‘कोणी’ तेथे असतो का, त्याच्या हातांना ते काम येते का, आणि त्याच्याजवळ साधने असतात का. ‘प्रगत हृदय-जीवरक्षण’ अथवा एसीएलएस या नावाने आज ओळखले जाणारे शास्त्र या तीन प्रश्नांतून घडत गेले.

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे एक जुने उत्तर कुंभकोणमच्या परिसरातच सापडते, आणि ते मराठी माणसाच्या हातचे आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे मराठी राज्य स्थापन केले. कुंभकोणम त्याच मुलखात येते. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (1777–1832) हे विद्याव्यासंगी पुरुष. धन्वंतरी महाल या त्यांच्या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र अभ्यासले जाई. नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी त्यांनी करवून घेतल्या आणि त्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. परंतु या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांची छत्रे. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी बांधलेल्या या धर्मशाळांत अन्न आणि निवारा तर मिळेच. शिवाय तेथे वैद्य नेमलेले असत. राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेल्यानंतर सरफोजींनी 1801 मध्ये इंग्रजांना एक पत्र लिहिले आणि छत्रे आपल्याकडेच राहावीत असा आग्रह धरला. आजारी वाटसरूंवर उपचार करणारे, विषारी जनावरांच्या दंशावर इलाज जाणणारे वैद्य छत्रांत असतात, असे त्या पत्रात नमूद आहे. यात्रेच्या वाटेवर अपघात होणारच. तो होईल तेथे वैद्य, औषध आणि जागा आधीपासून हवी, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

त्याच सुमारास युरोपात हाच विचार निराळ्या रूपाने आकार घेत होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांत बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी 1767 मध्ये एक संस्था निघाली आणि तिचे अनुकरण करून 1774 मध्ये लंडनला विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोन वैद्यांनी जी संस्था काढली, ती पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. पाण्याकाठी ठरावीक घरांत उपकरणे ठेवणे, वाचवणाऱ्यास बक्षीस देणे आणि उपायांची माहिती छापून वाटणे ही तिची कार्यपद्धती. त्या उपायांत भात्याने फुफ्फुसांत हवा भरणे होते, तसेच गुदमार्गे तंबाखूचा धूर सोडणेही होते. पहिला उपाय काळाच्या कसोटीला उतरला, दुसरा बाद झाला. आज हास्यास्पद वाटणाऱ्या त्या उपायाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नोंदी ठेवल्या गेल्या म्हणूनच पुढच्या पिढ्यांना निवड करता आली.

विजेचा प्रवेश त्यानंतर झाला. 1775 मध्ये डेन्मार्कच्या अ‍ॅबिलगार्ड या पशुवैद्याने कोंबड्यांवर प्रयोग केले. डोक्याला धक्का दिल्यावर निपचित पडलेली कोंबडी छातीला धक्का देताच उठून चालू लागते, असे त्याने नोंदवले. या निरीक्षणाचा अर्थ लागण्यास सव्वाशे वर्षे जावी लागली. 1899 मध्ये जिनिव्हातील प्रेव्हो आणि बातेल्ली यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की, विजेच्या सौम्य धक्क्याने हृदयाच्या निलयांत अनियमित कंपन सुरू होते आणि जोरदार धक्क्याने ते थांबते. निलयकंपनात हृदयाचे स्नायू काम करीत असतात, परंतु प्रत्येक तंतू आपल्याच लयीत आकुंचन पावतो. परिणामी रक्त पुढे ढकलले जात नाही. जोरदार धक्का या सर्व तंतूंना एकाच क्षणी उत्तेजित करतो. त्यानंतर क्षणभर सारे शांत होते आणि हृदयाचा नैसर्गिक ताल-केंद्रबिंदू पुन्हा सूत्रे हाती घेऊ शकतो. ‘विजेने बंद पडलेले हृदय सुरू होते’ ही चित्रपटांतून रूढ झालेली समजूत म्हणूनच चुकीची आहे. आलेख पूर्ण सपाट झालेला असेल, तर धक्क्याचा उपयोग नसतो. धक्का देण्यायोग्य ताल कोणता आणि अयोग्य कोणता, हे काही सेकंदांत ओळखणे हा प्रगत जीवरक्षणाचा पहिला धडा ठरतो तो यामुळेच.

1947 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक या शल्यविशारदाने चौदा वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या छातीतील हृदयाला विजेचा धक्का देऊन त्याचे प्राण वाचवले. माणसाच्या बाबतीत यशस्वी ठरलेला हा पहिला प्रयोग. 1950च्या दशकात पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देता येतो हे सिद्ध केले. ही दोन्ही यंत्रे भिंतीतील प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत. अर्थात ती जड होती आणि विजेच्या बोर्डापासून दूर नेता येत नव्हती. सोव्हिएत संघात गुर्विच आणि युन्येव यांनी 1939 मध्येच धारित्रात विद्युतभार साठवून तो एकदम सोडण्याचा मार्ग दाखवला होता. पश्चिमेत तो रूढ झाला तो 1962 मध्ये बर्नार्ड लाउन यांच्या एकदिश प्रवाहाच्या यंत्रामुळे. यातील भौतिकी शालेय अभ्यासक्रमातलीच आहे. 32 मायक्रोफॅरड क्षमतेचे धारित्र 5000 व्होल्टपर्यंत भारित केले, तर त्यात ½CV² या सूत्रानुसार 400 जूल ऊर्जा साठते. चाळीस किलोचे ओझे एक मीटर उचलण्यास लागते जवळपास तेवढी. ही ऊर्जा काही मिलिसेकंदांत छातीतून जाते, म्हणून तिचा प्रभाव एवढा. आधुनिक यंत्रांत प्रवाहाची दिशा मध्येच उलटवली जाते आणि 120 ते 200 जूल पुरतात. धारित्र बॅटरीवर भारित होऊ शकते. त्यामुळे यंत्र रुग्णापर्यंत नेणे शक्य झाले.

परंतु यंत्र येईपर्यंत काय करायचे? याचे उत्तर एका विद्युत अभियंत्याच्या प्रयोगशाळेत मिळाले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन हे विजेच्या तारांवर काम करणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास करीत होते. 1958 मध्ये त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले की, डिफिब्रिलेटरच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबल्या की, धक्का देण्यापूर्वीच रक्तदाब थोडा वाढतो. म्हणजे नुसत्या दाबाने रक्त फिरते. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्या साहाय्याने हे तंत्र माणसांवर वापरले गेले आणि जुलै 1960 मध्ये या तिघांनी वीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौदा वाचले होते. छाती फाडून हृदय हाताने चोळण्याची गरज संपली. हे काम कोणीही, कोठेही करू शकेल आणि त्यासाठी फक्त दोन हात पुरेत, असा त्यांच्या निबंधाचा आशय होता. त्याच काळात पीटर सफर आणि जेम्स एलम यांनी तोंडाने श्वास भरण्याची परिणामकारकता मोजून दाखवली. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी 1960 मध्ये सरावासाठी बाहुली तयार केली. तिचा चेहरा पॅरिसमध्ये सेन नदीत बुडालेल्या एका अनामिक तरुणीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतलेला आहे. जगभरातील आरोग्य कर्मचाऱ्यांनी सर्वाधिक वेळा ‘वाचवलेला’ चेहरा हाच.

तंत्र हाती आले. ते कोणाच्या हाती द्यायचे, यावर मात्र वाद झाला. 1960च्या दशकाच्या आरंभी विजेचा धक्का देणे हे केवळ डॉक्टरचे काम मानले जाई. डेस्मंड ज्युलियन यांनी 1961 मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्यावर सतत लक्ष ठेवणाऱ्या कक्षाची कल्पना मांडली. 1962 मध्ये ह्यूज डे यांनी अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे असा कक्ष सुरू केला. तेथील अनुभवाने एक साधे गणित पुढे आणले : रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. डॉक्टरची वाट पाहण्यात जाणारी मिनिटे हीच रुग्णाच्या आयुष्याची मिनिटे असतात. परिचारिकांना आलेख वाचण्याचे आणि धक्का देण्याचे शिक्षण व अधिकार देण्यात आले, तेव्हाच या कक्षांतील मृत्यू घटू लागले. पुढचे पाऊल बेलफास्टमध्ये पडले. फ्रँक पँट्रिज यांनी 1966 मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा सुमारे 70 किलोचा डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवला आणि रुग्णालयच रुग्णाकडे निघाले.

या सर्व धाग्यांना अभ्यासक्रमाचे रूप आले ते अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात. लिंकन शहरातील स्टीफन कार्वेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या प्रारंभी डॉक्टर व परिचारिकांसाठी प्रगत हृदय-जीवरक्षणाचा अभ्यासक्रम रचला आणि 1974 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मानकांत त्याला स्थान मिळाले. छातीदाबाचा वेग, दाबाची खोली, धक्क्याचा क्रम, अ‍ॅड्रेनालिन किती व केव्हा, श्वासनलिकेत नळी कधी घालायची, हृदय थांबण्याची दुरुस्त करता येण्याजोगी कारणे कोणती, हे सारे त्यात क्रमवार बसवले गेले. आजच्या नियमांनुसार मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, अ‍ॅड्रेनालिन 1 मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी. यांहून महत्त्वाची होती भूमिकांची वाटणी. एक जण छाती दाबतो, दुसरा श्वास पुरवतो, तिसरा यंत्र सांभाळतो, चौथा औषध देतो, पाचवा वेळ नोंदवतो आणि सहावा हात न लावता सर्वांचे नेतृत्व करतो. दाब देणारा दोन मिनिटांत थकतो. त्याला आपली थकावट कळण्यापूर्वीच दाबाची खोली घटलेली असते. म्हणून दर दोन मिनिटांनी अदलाबदल. एकट्या निष्णात डॉक्टरला जे जमत नाही, ते सराव असलेल्या सहा सामान्य माणसांना जमते.

यापुढील इतिहास काहीसा नम्र करणारा आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात रुग्णवाहिकांतून तत्काळ विजेचा धक्का देण्याची सोय आधीच झाली होती. तीवर श्वासनलिकेतील नळी आणि शिरेतून औषधे ही प्रगत सोय वाढवण्यात आली. 2004 मध्ये 5638 रुग्णांच्या नोंदींवरून निष्कर्ष आला, तेव्हा जगण्याचे प्रमाण 5.0 टक्क्यांवरून 5.1 टक्के झाले होते. म्हणजे फरक पडलाच नव्हता. 2018 मध्ये ब्रिटनमधील 8014 रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅड्रेनालिनमुळे तीस दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण 2.4 वरून 3.2 टक्के झाले, परंतु मेंदू शाबूत राहून घरी जाणाऱ्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही. आणि रुग्णालयांच्या भिंतींआड काय घडते? अमेरिकेतील 369 रुग्णालयांतील 6789 रुग्णांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. धक्का देण्यायोग्य ताल असूनही 30.1 टक्के रुग्णांना तो दोन मिनिटांच्या आत मिळाला नव्हता. ज्यांना वेळेत मिळाला, त्यांच्यातील 39.3 टक्के घरी गेले; ज्यांना उशिरा मिळाला, त्यांच्यातील 22.2 टक्के. प्रशिक्षित माणसे आणि यंत्रे एकाच छताखाली असतानाही हा उशीर झाला. प्रगत उपायांची इमारत प्राथमिक उपायांच्या पायावरच उभी राहते आणि पाया मिनिटांचा असतो, हे या तीन अभ्यासांचे एकत्रित सांगणे.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप पायापासूनच पाहावे लागते. 2010 मध्ये इंडियन जर्नल ऑफ अनेस्थेशिया या नियतकालिकात तमिळनाडूतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि परिचर्या शाखांचे विद्यार्थी, डॉक्टर, प्राध्यापक अशा 1054 जणांना प्राथमिक जीवरक्षणावर प्रश्न विचारले गेले. त्यांतील 894 जणांना, म्हणजे जवळपास 85 टक्के लोकांना, निम्मेही गुण मिळाले नाहीत. हा दोष व्यक्तींचा नव्हता. अभ्यासक्रमात हृदयाची रचना, औषधांची कार्यपद्धती आणि आलेखांचे अर्थ होते. बाहुलीच्या छातीवर हात ठेवून घाम गाळण्याचा तास मात्र अनेक ठिकाणी नव्हता. आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून भारतात मान्य झाला तोच 2009 मध्ये. 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत महिन्यातच प्राथमिक जीवरक्षणाचे प्रशिक्षण समाविष्ट झाले.

दुसरा बदल मार्गदर्शक तत्त्वांचा. परदेशी अभ्यासक्रमांची फी आणि त्यांतील गृहीतके भारतातील तालुका रुग्णालयाला परवडणारी किंवा लागू पडणारी नसतात. ही उणीव ओळखून भारतातील भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने 2017 मध्ये स्वतःची तीन-स्तरीय पद्धती प्रसिद्ध केली. सामान्य नागरिकासाठी केवळ छातीदाबावर आधारलेली ‘कोल्स’. रुग्णालयाबाहेर काम करणाऱ्या प्रशिक्षितांसाठी ‘बीसीएलएस’. आणि रुग्णालयातील डॉक्टर-परिचारिकांसाठी ‘सीसीएलएस’. वाटेवरच्या माणसाने तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा, ही अपेक्षा नागरिकाच्या स्तरातून जाणीवपूर्वक वगळली गेली, कारण त्या संकोचापायी माणसे छातीलाही हात लावीत नसत. 6 डिसेंबर 2023 रोजी देशभर एकाच दिवशी सीपीआरच्या जनप्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम झाला आणि लाखो नागरिक त्यात सहभागी झाले.

तिसरा बदल चाकांवरचा. हैदराबादेत 2005 मध्ये सुरू झालेली 108 क्रमांकाची सेवा सप्टेंबर 2008 मध्ये तमिळनाडूत आली; महाराष्ट्रात ती 26 जानेवारी 2014 रोजी 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांतील 233 प्रगत जीवरक्षणाच्या होत्या आणि 704 प्राथमिक. तमिळनाडूत गाडीतील जबाबदारी मुख्यतः प्रशिक्षित तंत्रज्ञांवर सोपवलेली आहे, तर महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर नेमण्याचा मार्ग निवडला. पदवी भिन्न असली तरी दोघांपुढचा क्षण एकच असतो : हलत्या गाडीत, अरुंद जागेत, एका सहायकासह केलेला छातीदाब. तमिळनाडूने या गाड्यांना पुढे मोठ्या रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडून पाहिले. 2012 ते 2014 या काळात हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेल्या 2420 रुग्णांवर हा प्रयोग झाला. लहान रुग्णालयात गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे, आलेख दूरसंचारातून तज्ज्ञाला दाखवायचा आणि रुग्णाला मध्यवर्ती रुग्णालयात हलवायचे, अशी ती रचना होती. वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. होती तीच माणसे आणि होत्या त्याच गाड्या एका साखळीत ओवल्या गेल्या. कुंभकोणमसारख्या मध्यम आकाराच्या गावासाठी हा धडा विशेष मोलाचा आहे, कारण तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि थांबलेले हृदय चाळीस किलोमीटर वाट पाहत नाही.

आता पुन्हा महामहमच्या तलावाकडे. चेंगराचेंगरीत हृदय थांबते ते श्वास कोंडल्यामुळे. अशा वेळी आलेखावर बहुधा निलयकंपन नसते; असतो तो मंद, क्षीण किंवा सपाट ताल. म्हणजे डिफिब्रिलेटर हाताशी असला तरी तो वाचवील याची खात्री नाही. येथे श्वासमार्ग मोकळा करणे, पिशवी आणि मुखवट्याने प्राणवायू भरणे आणि छातीदाब यांना प्रथम मान मिळतो. नागरिकासाठी योग्य असलेली केवळ-छातीदाबाची पद्धत आरोग्य कर्मचाऱ्याला येथे अपुरी पडते. प्रगत प्रशिक्षणाचा खरा उपयोग हा : कोणत्या कारणाने हृदय थांबले, हे ओळखून क्रम बदलण्याची क्षमता.

याहून कठीण प्रश्न संख्येचा आहे. सामूहिक दुर्घटनेत जखमींची वर्गवारी करण्याचे जे नियम जगभर प्रचलित आहेत, त्यांनुसार श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही, त्याला मागे ठेवून पुढच्या जखमीकडे वळावे लागते. हा नियम निष्ठुर वाटतो, परंतु तो हातांच्या टंचाईतून आलेला आहे. एका रुग्णाच्या पुनरुज्जीवनाला किमान चार-सहा माणसे गुंततात. पन्नास माणसे पडली असतील आणि मदतीला दहाच असतील, तर नियम बदलता येत नाही. हात वाढले तर मात्र त्याच नियमाखाली अधिक माणसांना संधी मिळते. म्हणून मेळ्याच्या सज्जतेत रुग्णालयातील तज्ज्ञांइतकीच तेथील पोलीस, गृहरक्षक, स्वयंसेवक, नावाडी आणि आशा कार्यकर्त्या यांची गणना व्हावी लागते.

आणि प्रशिक्षण एकदा घेऊन भागत नाही. जीवरक्षणाची कौशल्ये प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच ओसरू लागतात, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते, हातांची स्मृती तेवढी टिकत नाही. वर्षातून एकदा दिवसभराच्या शिबिरापेक्षा दर तिमाहीला पंधरा-वीस मिनिटे बाहुलीवर केलेला सराव अधिक उपयोगी ठरतो. त्याला पैसा थोडा लागतो. लागते ती रोजच्या कामाच्या यादीत जागा. डिफिब्रिलेटरची बॅटरी आज तपासली का, पिशवी-मुखवटा कप्प्यात आहे का, कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पाळीच्या आरंभी कोणीतरी वहीत लिहावी लागतात.

सरफोजींच्या छत्रांत वैद्य वाटसरू येण्यापूर्वीच बसलेला असे. थेम्सच्या काठी भाता माणूस बुडण्यापूर्वीच घरात ठेवलेला असे. कोणाचे हृदय केव्हा थांबेल, हे कोणालाच आधी कळत नाही. मेळ्याची तारीख मात्र वर्षानुवर्षे आधी कळते, कारण ती गुरूच्या कक्षेने ठरलेली असते. कुंभकोणमचा मागील महामहम 22 फेब्रुवारी 2016 रोजी झाला. गुरू आता पुन्हा सिंहेकडे निघाला आहे. 2027 मध्ये गोदावरीच्या घाटांवर सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत आणि 2028 मध्ये सोळा मंडपांच्या त्या तलावाभोवती पुन्हा गर्दी होईल. तिमाहीला एक सराव धरला, तर तोवर करता येतील असे सराव बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.